उशिरा पोचणारी लाथ

"साहेब, एवढ्याने काय होतंय?"

हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलेलं नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा जरासा चुकीचा निघाला की तो आधी काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग छताकडे, आणि मग हे वाक्य म्हणतो. त्यावर मी चष्मा काढून पुसतो आणि सांगतो, "एवढ्यानेच होतं." या उत्तरामुळे खात्यात माझा दबदबा आहे, असं मला वाटतं. मागून मला सगळे 'तोळामासा' म्हणतात. ते माझ्या कामाकडे बघून म्हणतात की प्रकृतीकडे बघून, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

तर अशा माणसाच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं, तेही स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीपुढे. तिथून पुढे जे घडलं त्यात एका दाताच्या डॉक्टरांचा, एका सुजलेल्या गालाचा आणि माझ्या इभ्रतीचा संबंध येतो. सांगतो.

आमची कन्या कॉलेजात आहे आणि टीव्हीवर मारामारीचा खेळ खेळते. दोन जण समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना लाथा घालतात, एक आडवा होतो, संपलं. खेळाचं खरं नाव इतकं लांब आहे की ते उच्चारेपर्यंत एक फेरी होऊन जाते, म्हणून आमच्या घरात त्याला नुसतं 'ढिशुम' म्हणतात. यात खेळाडूंनी आपापलं टोपणनाव घ्यायचं असतं. कन्येने 'खडूस' असं घेतलंय. हे तुला सुचलं कुठून, असं मी सहज विचारलं तेव्हा बायको घाईघाईने उठून दूध बघायला गेली. दूध गॅसवर नव्हतंच.

घरी मुलगी भल्याभल्यांना लोळवायची. कॉलेजातल्या मैत्रिणी यायच्या आणि माना खाली घालून जायच्या. पण स्पर्धेला गेली की पहिल्याच फेरीत बाद. त्या रविवारीही तेच झालं. आली, पिशवी कोपऱ्यात भिरकावली आणि सोफ्यावर बसून म्हणाली, "बाबा, आपलं पोर्ट वेगळं आहे."

"पोर्ट म्हणजे बंदर ना?" मी म्हणालो.

ती हसली नाही. मी जरा गंभीर झालो. मग तिने समजावलं, की हा खेळ आधी एका मशीनसाठी बनवला, नंतर दुसऱ्या मशीनवर चालेल असा करून घेतला. त्या दुसऱ्याला पोर्ट म्हणायचं. आपल्या घरचं मशीन जुनं, स्पर्धेत नवं. खेळ दिसायला एकच, पण बटण दाबल्यापासून लाथ बसेपर्यंतचा वेळ वेगवेगळा. जगभरातली पोरं यावर तावातावाने भांडतात म्हणे. काही म्हणतात काडीचा फरक नाही, हरणाऱ्यांचे बहाणे आहेत. काही म्हणतात सगळा खेळच त्यावर आहे.

"म्हणजे एकच कापड, पण शिंपी दोन," बायको म्हणाली. ती शिवणाचे वर्ग घेते. "मग बसणारच की वेगळं. कुठेतरी काखेत काचणार."

"किती वेगळं?" मी विचारलं.

"पाच-सहा फ्रेम असेल."

"आणि फ्रेम म्हणजे?"

"सेकंदाचा साठावा भाग."

आता लक्षात घ्या, ते मशीन मी आणलं होतं. एका ओळखीच्या माणसाचं वापरलेलं होतं, पण निवड माझी होती. त्यामुळे कन्येचा आरोप मशीनवर नसून सरळ माझ्यावर आहे असं मला वाटलं. आणि मी बोलून गेलो, "अगं, एवढ्याने काय होतंय? तू घाई करतेस. मशीनला कशाला नावं ठेवतेस?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

कन्या भांडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. "बाबा, तीन आठवड्यांनी निवड स्पर्धा आहे. तिथेही असंच झालं तर मी सोडून देणार आहे सगळं. हरायला माझी ना नाही रे. पण हरतंय कोण, मी का मशीन, तेवढं तरी मला कळू दे. मी वाईट खेळते का, तेच मला कळत नाही."

दुकानदाराच्या काट्यासाठी मी दिवसभर उन्हातान्हात हिंडतो, आणि पोरगी घरात एक माप तपासून मागत होती तर मी तिलाच खोटं पाडलं. मी ताठ उभा राहिलो आणि जाहीर केलं, "तपासणी होईल. रीतसर."

"झालं," बायको म्हणाली. "आता पंचनामा."

रीतसर तपासणी म्हणजे दोन मशीन शेजारी शेजारी हवीत. नवं मशीन आमच्या ओळखीत एकाच माणसाकडे होतं, कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे. त्यांनी ते दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवलंय. लहान मुलांचं मन रमावं म्हणून, असं ते सांगतात. लहान मुलं आत ओरडत असतात आणि डॉक्टर बाहेर खेळत असतात, असं बाकी सगळे सांगतात. मी त्यांना मशीन घरी द्याल का विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले. "मशीन हलणार नाही. तुम्ही तुमचं इकडे आणा. टीव्हीसकट आणा, माझ्याकडे एकच आहे."

म्हणजे घरचा टीव्ही काखोटीला मारून कोपऱ्यापर्यंत न्यायचा. शनिवारी सकाळी एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने कन्या, मागे वायरी आवरत बायको, अशी वरात जिन्याने निघाली. लिफ्टमध्ये टीव्ही मावत होता, पण मग आम्ही मावत नव्हतो.

पहिल्याच वळणावर शेजारच्या काकूंनी दार उघडलं. "जागा सोडताय? बाई बाई, बोलला नाहीत! आता तरी मिक्सर न लावणारे भाडेकरू बघा हं." त्याच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि बिघाड ओल धरल्याचा आहे, उन्हात ठेवा, असं निदान केलं. बिघाड नाहीये म्हटलं तर म्हणाले, तरी ठेवा. त्यांच्या सौभाग्यवतींचं मत असं पडलं की तपासणी वगैरे सब झूट आहे, मुलीला योगासनं सुरू करा. एवढं सगळं ऐकताना टीव्ही आमच्या हातातच होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

फाटकावर वॉचमनने हात आडवा केला. "सामान बाहेर जातंय. पास पाहिजे."

"अरे, तासाभरात परत येणार आहे."

"मग यायचाही पास पाहिजे."

माणूस बरोबर बोलत होता. मीच असतो तर हेच बोललो असतो, त्यामुळे मला जास्तच राग आला. टीव्ही फाटकाशी टेकवून मी अध्यक्षांकडे गेलो. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कोणीही समोर आलं की ते आधी त्याची नखं बघतात.

"सामान?"

"एक टीव्ही."

"कुठे नेताय?"

"दाताच्या डॉक्टरांकडे."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "टीव्हीचं काय दुखतंय?"

मी सगळं सांगितलं. पोर्ट, फ्रेम, लाथ. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, जसं ते गैरहजेरीची न पटणारी कारणं सांगणाऱ्या मुलांचं ऐकत असावेत. शेवटी पासवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एक टीव्ही, दंतोपचारासाठी'. वॉचमनने तो वाचला, टीव्हीकडे सहानुभूतीने पाहिलं आणि फाटक उघडलं.

दवाखान्यात खोली भरलेली होती. शनिवारी लोकांचे दात जास्त दुखतात की काय कोण जाणे. दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले. नव्या मशीनला डॉक्टरांचा टीव्ही, जुन्याला आमचा. दोन्हीकडे तोच खेळ, तीच टोपीवाली बाई. ही टोपीवाली म्हणजे कन्येची आवडती योद्धी, लाथ मारायच्या आधी टोपी सावरते. दोन्ही रिमोट मी स्टुलावर शेजारी ठेवले.

"कंट्रोलर, बाबा," कन्या म्हणाली.

दोन्ही कंट्रोलर ठेवले. त्यांच्या लाथेच्या बटणांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली. आता पट्टीवर एकदाच दाब पडला की दोन्ही बटणं एकदमच दाबली जाणार. आणि दाब सारखा पडावा म्हणून मी पिशवीतून खात्याचं शिक्का मारलेलं एक किलोचं वजन काढलं. ते बाहेर नेण्याचं कारण कचेरीत मी 'संशयास्पद यंत्राची तपासणी' असं नोंदवलं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

कन्येने मोबाईल दोन्ही पडद्यांवर रोखला. चित्रीकरण हळू करून बघितलं की आधी कोणाचा पाय उठतो ते दिसणार होतं. डॉक्टर आतल्या पेशंटला "आ करून बसा" सांगून बाहेर आले. मी वजन उचललं, मनात खात्याचं स्मरण केलं आणि सोडलं.

वजन पट्टीच्या टोकावर पडलं. पट्टी सुटली, भिंतीजवळच्या कपाटावर आदळली, आणि तिथला दात शिकवायचा मोठा प्लॅस्टिकचा जबडा खाली येऊन दोन भागांत खोलीभर घरंगळला. वरचा भाग एका काकांच्या चपलेपाशी थांबला. काका उठले, "मी सोमवारी येतो" म्हणाले आणि गेले. खालचा भाग सोफ्याखाली गेला तो बायकोने झाडूने काढला. त्या वेळी ती जे पुटपुटली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या खेपेला मी वजन सोडलं नाही, अलगद दाबलं. कन्येने चित्रीकरण लावलं. सगळी खोली मोबाईलवर वाकली. डॉक्टरांच्या पडद्यावरच्या टोपीवालीचा पाय समोरच्याच्या छातीत बसला होता. आमची अजून टोपी सावरत होती.

"बघ!" कन्या ओरडली. "बघ बाबा!"

मी बघितलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दहा वेळा दाबलं तरी आमची लाथ आपली उशिराच. मी आणलेलं मशीन दोषी ठरलं होतं, तेही खात्याच्या वजनाने, पंचांसमोर. मी हताश होऊन स्टुलावर बसलो आणि लगेच उठलो, कारण स्टुलावर कंट्रोलर होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक बाई बोलल्या. त्यांचा उजवा गाल चेंडूएवढा सुजला होता आणि तोंडात कापूस होता. "आयई अअला," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळेना. डॉक्टरांना ही भाषा पाठ असते. ते म्हणाले, "वायरी बदला म्हणतायत."

मी थक्क झालो. काय शास्त्रीय दृष्टी! यंत्रं तीच ठेवायची आणि पडदे अदलाबदल करायचे. मी त्यांना हात जोडून विचारलं, "आपण इंजिनियर का?" त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काहीतरी म्हणाल्या. डॉक्टरांनी खुलासा केला, की त्यांची मालिका सुरू व्हायची वेळ झाली आहे, आणि ती त्यांना आमच्या टीव्हीवर बघायची आहे, कारण त्यावर चेहरे छान गुळगुळीत दिसतात. त्यासाठी आमचा खेळ तिथून काढा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तरी पण वायरी बदलल्या. नवं मशीन आमच्या टीव्हीला, जुनं डॉक्टरांच्या. दाबलं. आणि या वेळी जुन्याची लाथ खाडकन बसली, नव्याची टोपीवाली टोपी चाचपत राहिली.

मशीन निर्दोष होतं. पोर्ट बिचारं निर्दोष होतं. उशीर आमचा टीव्ही करत होता.

"गुळगुळीत," बायको हळूच म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

आता हे सांगायला हवं, की टीव्हीत जेवढ्या सोयी दिल्यात तेवढ्या सगळ्या चालू असल्याच पाहिजेत, ही माझी शिस्त आहे. चेहरे उजळ करणारी, हालचाल मऊ करणारी, रंग खुलवणारी, सगळ्या मीच चालू केल्या होत्या. टीव्ही बिचारा प्रत्येक चित्राला आधी पावडर लावायचा आणि मग बाहेर पाठवायचा, म्हणून उशीर. कन्येने रिमोट घेतला, तो खरोखरचा रिमोटच होता, आणि त्या सगळ्या सोयी एकेक करून बंद केल्या. पुन्हा दाबलं. दोन्ही लाथा एकदम बसल्या. दोन पोर्टमध्ये फरक असलाच तर तो आमच्या मोबाईलला दिसत नव्हता.

कन्या खाली फरशीवरच बसली. "म्हणजे मी घरी उशीर धरून लवकर दाबायला शिकले. आणि तिकडे जाऊन लवकरच दाबत होते! तू म्हणालास ते बरोबर होतं बाबा, मी घाई करत होते."

"हो, पण टीव्ही माझा होता," मी म्हणालो. असं काही बोलायची मला सवय नाही, म्हणून मी लगेच वायरी गुंडाळायला घेतल्या. तेवढ्यात आतून "अजून आ करून बसू का?" असा आवाज आला आणि डॉक्टर धावले.

पुढचे दोन आठवडे घरात टीव्ही पावडरशिवाय चालला. बातम्या देणाऱ्या बाईंच्या नाकावरचा तीळ आम्हाला पहिल्यांदाच दिसला. कन्या रोज दमेपर्यंत हाताची जुनी सवय मोडायची आणि मी तिच्यासाठी दाराची बेल काढून ठेवली होती.

निवड स्पर्धेला आम्ही दोघंही गेलो. माझ्या पिशवीत पट्टी होती. वजन कचेरीने पुन्हा दिलं नाही. 'खडूस'चा पुकारा झाला की बायको माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायची. आणि मुलगी जिंकत गेली! लहान पडद्यांवर, टेबलं मांडून, एकेकाला गारद करत ती शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. हा जिंकला की निवड पक्की. समोर एक उंच, शांत मुलगा होता. त्याने तोपर्यंत एकही सामना गमावला नव्हता.

शेवटच्या सामन्यासाठी आयोजकांनी मंचावर भिंतीएवढा टीव्ही आणला, प्रेक्षकांना दिसावं म्हणून. पहिली फेरी कन्येने सहज मारली. दुसरीतही तो मुलगा भिरभिरल्यासारखा दिसत होता. त्याची प्रत्येक लाथ वाऱ्यावर जात होती. आणि माझ्या लक्षात आलं. पडद्यावर टोपीवालीचा चेहरा अगदी गुळगुळीत होता.

हा टीव्ही उशिरा चालत होता. आमच्याच टीव्हीसारखा. त्या उशिराची अख्ख्या सभागृहात एकाच माणसाला सवय होती, आणि ते माणूस जिंकत होतं.

मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. उठून बोलायला हवं होतं. तेच तर माझं काम. पण मला एकाएकी फार समजूतदारपणा सुचायला लागला. मी म्हटलं, उशीर दोघांनाही सारखाच आहे. म्हटलं, सभागृह काही माझ्या हद्दीत येत नाही. म्हटलं, आज शनिवार, सुट्टी. दुकानदारांकडून ऐकलेलं एकेक कारण मला आठवत होतं आणि प्रत्येक पटत होतं. बायको कानाशी म्हणाली, "अहो, चेहरे बघितलेत?" मी म्हणालो, "शू. खेळ बघ."

तेवढ्यात मंचावर कन्येने कंट्रोलर खाली ठेवला आणि हात वर केला.

"सर, हा टीव्ही स्लो आहे. लहान पडद्यावर घ्या."

आयोजक धावत आले. "अहो ताई, तुम्ही जिंकताय! आणि दोघांना सारखाच उशीर आहे ना, एवढ्याने काय होतंय?"

"सारखा नाहीये," कन्या म्हणाली. "मला याची सवय आहे. त्याला नाही. पहिल्यापासून घ्या."

सभागृहात गलका झाला. मी खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितकं सरकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अनेकांची तोंडं उतरलेली पाहिली, पण माझं कसं दिसत असेल ते बघायची मला मुळीच इच्छा नव्हती. आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की श्वास घेता येईना. बायको डोळे पुसत होती. माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार.

लहान टेबलावर सामना पहिल्यापासून झाला. तो उंच मुलगा आता सावरला होता. दोघांनी एकमेकांना सळो की पळो करून सोडलं. लाथ अशी वेळेवर बसत होती की लोक उभं राहून ओरडत होते, मीही ओरडत होतो. शेवटच्या फेरीत दोघांकडे शेवटचा एकेक फटका उरला. टोपीवालीने टोपी सावरली. त्या मुलाने आधी मारलं.

निवड त्याची झाली. मी बाहेर दाराशी उभा राहिलो आणि काय बोलावं त्याची जुळवाजुळव करू लागलो. पुढच्या वर्षी, पुन्हा प्रयत्न, वगैरे. गर्दीतून वाट काढत कन्या आली. धापा टाकत होती, गाल लाल झाले होते.

"बाबा! मी हरले!" तिने माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "मी हरले रे! टीव्ही नाही, मशीन नाही, काही नाही. नुसती मी! त्याची ती शेवटची चाल मला ओळखता आली नाही. आता तीच शिकणार. तो शिकवतो म्हणालाय. उद्या घरी येतोय!"

ती इतकी खूश होती की शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी बाईंनी थांबून तिचं अभिनंदन केलं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.